तलाव सुधारला, हे कोण ठरवणार?



तलावाचे काम झाले की फलक लागतो : गाळ किती घनमीटर काढला, खर्च किती आला. २०२२ च्या अमृत सरोवर योजनेने दर जिल्ह्याला ७५ तलावांचे लक्ष्य दिले. माप होते एक एकर जागा आणि १०,००० घनमीटर पाणी. खोदकाम असे मोजता येते. तलाव जिवंत झाला का, हे त्यात कुठे येते?

मुलचेऱ्याच्या बायकांसाठी हा प्रश्न चुलीपाशी येऊन थांबतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या पट्ट्यात मालगुजारी तलाव आणि बोड्यांवर भातशेती आणि ढिवर कुटुंबे जगतात. मुलचेऱ्याकडे वसवलेल्या बंगाली निर्वासितांच्या गावांतही मासळीवाचून ताट पुरे होत नाही. यंत्राने काठ उभा खणला की उथळ कडेची वनस्पती जाते, आणि मरळीसारखे मासे तिच्यातच अंडी घालतात. मग रोहू-कटलाचे बीज सोडून उत्पादन वाढल्याची नोंद होते. बाई घरासाठी धरते ती बारकी मासळी, झिंगे मात्र कुठल्याच नोंदीत नसतात.

शेजारच्या गोंदियात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, शालू कोल्हे आणि ढिवर समाजातल्या बायकांनी दुसरी वाट धरली. तलावातली बेशरम उपटली, देशी पाणवनस्पती लावल्या. अशा कामाचे यश मासे परतले का, यावरच ठरते. कोकणातल्या कांदळवनालाही हाच न्याय लावावा : रोपे लावली किती, यापेक्षा जगली किती आणि शिंपल्या वेचणारीच्या टोपलीत काय आले?

२००६ चा वनहक्क कायदा आदिवासी व इतर पारंपरिक वननिवासींचा जलाशयातल्या मासळीवर सामूहिक हक्क मानतो. वनहक्क समितीत एक तृतीयांश बायका हव्यात, असा नियम आहे. त्या जागांवर नुसते बसून भागणार नाही.

प्रत्येक तलावाची वही करू या. कामाआधी एकदा, नंतर दर वर्षी लिहू : कोणते मासे, कोणत्या वनस्पती, उन्हाळ्यात पाणी कधीपर्यंत टिकले, बाईच्या हाती काय आले. पण ही मोजणी फुकटची सेवा म्हणून आपल्या गळ्यात नको. यंत्राला तासाचे पैसे मिळतात. मोजणारीलाही मजुरी हवी. आणि वही ग्रामसभेत वाचल्याशिवाय काम यशस्वी झाल्याचा ठराव होऊ देऊ नका.