यकृताच्या दारातली तिफण



मुलाच्या पोटात कळ आली, लघवी लाल झाली आणि डॉक्टरांनी मुतखडा सांगितला, की घरात पहिला दोष दिला जातो तो पाण्याला. “आपल्या विहिरीचं पाणीच जड!” मोठ्या माणसाला पाणी कमी प्यायल्याने खडा होतो, हे खरे आहे. पण सहा-सात वर्षांच्या पोराला पुन्हा पुन्हा खडे होऊ लागले, तर दोष विहिरीचा नसून यकृताचा असू शकतो. खडा मूत्रपिंडात आणि चूक यकृतात, ही काय भानगड? आज ती उकलून पाहू. त्यासाठी आधी यकृताच्या दारापर्यंत जावे लागेल.

यकृत म्हणजे लिव्हर. ते असंख्य बारीक पेशींचे बनलेले असते. प्रत्येक पेशीच्या अंगावर प्रथिनांचे आकडे असतात. रक्तातून जाणारा ठरावीक माल ओळखून ते धरतात व आत ओढतात. अशा आकड्याला शास्त्रात ‘ग्राही’ किंवा रिसेप्टर म्हणतात. आज ज्याची गोष्ट सांगायची, त्याचे नाव लांबलचक आहे : एशियालोग्लायकोप्रोटीन रिसेप्टर. नावातल्या ‘एशिया’चा आशिया खंडाशी काही संबंध नाही. सायलिक आम्ल नावाचे टोपण ज्यावरून निघाले आहे, अशी साखर लागलेली प्रथिने धरणारा, एवढाच त्याचा अर्थ. यकृताच्या एकेका पेशीवर असे लाखो ग्राही असतात.

सशांनी दाखवलेली वाट

हा ग्राही सापडला तो अपघातानेच. अमेरिकेत बेथेस्डा येथे गिल्बर्ट अ‍ॅशवेल आणि न्यूयॉर्कला अनातोल मोरेल हे शास्त्रज्ञ रक्तात तांबे बाळगणाऱ्या एका प्रथिनाचा अभ्यास करीत होते. या प्रथिनाला साखरेच्या फांद्या असतात आणि त्यांच्या टोकाला सायलिक आम्लाचे टोपण असते. त्यांनी हे टोपण काढले, प्रथिनावर खूण केली आणि ते सशांच्या रक्तात टोचले. एरवी दिवसच्या दिवस रक्तात फिरणारे ते प्रथिन काही मिनिटांत नाहीसे झाले! शोधले तर सगळे यकृतात. मग टोपणाखाली उघडी पडलेली गॅलॅक्टोज ही साखरही काढली, तेव्हा ते पुन्हा रक्तात टिकू लागले. म्हणजे यकृत ओळखत होते ती उघडी साखर. १९६८ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले.

आपल्या शरीरात हे काम रोज चालते. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट जुन्या झाल्या की त्यांच्यावरचीही टोपणे गळतात, आणि यकृत त्यांना रक्तातून उचलून घेते. म्हाताऱ्या बैलाची ओळख दातांवरून पटते, तशी ही ओळख साखरेवरून पटते.

तीन फण, एक पकड

या ग्राहीची बांधणी दोन जातींच्या प्रथिनांची असते. त्यांचे एक टोक पेशीच्या आत, मधला भाग पेशीच्या कातडीत रुतलेला, त्यावर एक दांडा आणि दांड्याच्या टोकाला साखर धरणारा खळगा. २००० साली शास्त्रज्ञांनी क्ष-किरणांच्या मदतीने या खळग्याचा आराखडा उलगडला. त्यात कॅल्शियमचे तीन कण दिसले. साखर प्रत्यक्ष धरली जाते ती त्यांपैकी एकाच्या आधाराने. कॅल्शियम नसेल तर पकडच बसत नाही.

असे खळगे जवळजवळ, ठरावीक अंतरावर असतात. एकच साखर आली तर ती सैल बसते आणि लगेच सुटते. पण तिफणीला तीन फण असतात, तशा एकाच देठाला योग्य अंतरावर तीन साखरा असल्या, तर तिन्ही एकदम रुततात आणि पकड हजारो पटींनी घट्ट होते.

पकडलेला माल एका बारीक पिशवीतून आत जातो. पिशवीतले पाणी आंबट होते, पकड ढिली पडते, माल आत राहतो आणि रिकामा ग्राही पुन्हा दारात येऊन उभा राहतो. दुधाचा कॅन डेअरीवर रिता करून परत आणावा, तसेच हे. ही खेप साधारण पाव तासाची!

औषध थेट यकृतात

जपानमध्ये १९९० च्या दशकापासून डॉक्टर या ग्राहीला चिकटणारे, किरण देणारे द्रव्य टोचून यकृताचा किती भाग धडधाकट आहे ते पाहतात. शस्त्रक्रियेपूर्वी त्याचा उपयोग होतो.

खरी क्रांती पुढे झाली. पेशीतल्या एखाद्या जनुकाचा नको असलेला निरोप खोडून टाकणारे आरएनएचे तुकडे शास्त्रज्ञांना माहीत झाले होते. त्या शोधाला २००६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पण नुसता तुकडा टोचला तर तो लघवीवाटे निघून जाई. मग त्याला गॅलॅक्टोजच्याच कुळातल्या तीन साखरांची तिफण जोडली. आता ते बियाणे नेमके यकृताच्या वावरात पडू लागले.

अशा औषधांपैकी पहिल्याला अमेरिकेत २०१९ साली मान्यता मिळाली. ते पॉर्फिरिया या दुर्मीळ रोगावर आहे. इन्क्लिसिरान हे दुसरे औषध वाईट कोलेस्टेरॉल जवळजवळ निम्म्याने उतरवते. त्याची पहिली दोन इंजेक्शने तीन महिन्यांच्या अंतराने आणि पुढे सहा महिन्यांनी एक, एवढेच पुरते.

आता त्या पोराकडे वळू

प्रायमरी हायपरऑक्झल्युरिया नावाचा एक दुर्मीळ आनुवंशिक रोग आहे. त्याच्या पहिल्या प्रकारात यकृतातले एक विकर नीट काम करीत नाही आणि ऑक्झलेट नावाचा क्षार बेसुमार तयार होतो. तो मूत्रपिंडात साचतो, खडे होतात आणि शेवटी मूत्रपिंडे निकामी होतात. पूर्वी अशा मुलाचे यकृत आणि मूत्रपिंड दोन्ही बदलण्याची पाळी येई. २०२० साली मान्यता मिळालेले लुमासिरान हे तिफण जोडलेले औषध यकृतात जाऊन ऑक्झलेटचा कच्चा मालच कमी करते. रोग मुळातून जात नाही, इंजेक्शने चालूच ठेवावी लागतात, आणि किंमत अजून साध्या घराच्या आवाक्याबाहेर आहे, हेही सांगितले पाहिजे.

पण रोग लवकर ओळखण्यात मोठा फायदा आहे. भरपूर पाणी आणि काही मुलांना ब-६ जीवनसत्त्व, एवढ्यानेही मूत्रपिंडे जास्त काळ टिकू शकतात. म्हणून ध्यानात ठेवा :

लहान मुलाला खडा झाला, तर एकदाच झाला म्हणून सोडून देऊ नका. निघालेला खडा फेकू नका, तपासायला द्या. लघवीतील ऑक्झलेटची तपासणी करावी का, हे डॉक्टरांना स्वतःहून विचारा. रोग निघाला तर पाठच्या-पुढच्या भावंडांचीही तपासणी करून घ्या. आईबाप दोघे धडधाकट असूनही दोघांत हा दोष लपलेला असू शकतो. तसे असेल तर प्रत्येक मुलाला रोग होण्याची शक्यता चारांत एक असते. मामाच्या मुलीशी किंवा आतेभावाशी सोयरीक केली, तर असा लपलेला दोष दोन्हीकडून एकत्र येण्याची शक्यता वाढते. आपल्याकडे ही रीत जुनी आहे, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

विहिरीला दोष देणे सोपे असते. पण पोरगे वर्षभरात दुसऱ्यांदा पोट धरून रडले, तर विहिरीकडे पाहू नका. त्याला घेऊन दवाखान्याची वाट धरा.