पालखी कोणाची, भोई कोण?

ऑगस्ट १९८०. डॅलसमध्ये हजारो इव्हँजेलिकल पाद्री जमले होते. रिपब्लिकन उमेदवार रोनाल्ड रेगन त्यांना म्हणाले, तुम्ही मला पाठिंबा देऊ शकत नाही हे ठाऊक आहे. माझा मात्र तुम्हाला आहे. टाळ्यांचा कडकडाट झाला. करमाफी घेणाऱ्या चर्चला उमेदवाराचा प्रचार करायला १९५४ च्या जॉन्सन दुरुस्तीने मनाई केली होती. रेगन यांनी तिला खुबीने वळसा घातला.

पुढे ही वाट रुळली. वॉशिंग्टनमध्ये २००६ पासून ‘व्हॅल्यूज व्होटर समिट’ भरू लागली. प्रार्थना झाली की गर्भपात, शाळा, न्यायाधीशांच्या नेमणुका यांवर भाषणे. इच्छुक उमेदवारांसाठी उपस्थितांचा कौलही. २०१७ मध्ये डोनाल्ड ट्रम्प तिथे बोलले. पदावर असताना तिथे गेलेले ते पहिलेच अध्यक्ष.

अशा परिषदेत मागच्या रांगेत बसावे आणि व्यासपीठापेक्षा श्रोत्यांकडे पाहावे. आपली मुले, आपले घर, आपली श्रद्धा निसटत चालली आहे, ही त्यांची भीती खरी असते. तिची टिंगल करणाऱ्याला अमेरिकेचे राजकारण उमगणार नाही. प्रश्न उरतो तो एवढाच: धर्म सत्तेला वळण लावतो आहे, की सत्तेची पालखी वाहतो आहे?

— संपादक