केसांवरची खळ

केसांवर चढवलेलं ग्लेझ घरी काढायला खाण्याचा सोडा वापरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मी बी.ए. मराठीची, रसायनशास्त्राशी माझा संबंध लिटमस कागदापुरता. पण एवढं कळतं की डोक्याची त्वचा किंचित आम्लधर्मी, साडेपाचच्या आसपास पीएच असलेली, आणि सोड्याचं पाणी आठच्या वर. त्यानं केसाची खवल्यांची साल उघडते, केस राठ होतो आणि तुटतो.

मंडळी, हे सुचायचं कारण म्हणजे माझ्या भाचीची मुलगी. साखरपुड्याला चार दिवस उरले असताना केस चिकट, लोळागोळा झालेले. फोनवर कुठंसं पाहून तिनं सोडा आणि भांडी घासायचं लिक्विड कालवलं होतं. मी वाटी मोरीत ओतली. पोरगी दिवसभर फुगून होती.

भिवंडीच्या माणसाला ग्लेझ समजावणं सोपं आहे. आमच्या राहनाळला आता गोदामंच गोदामं, पण भिवंडी म्हणजे माग. मागावर ताण्याचं सूत तुटू नये म्हणून सायझिंगमध्ये त्यावर खळ चढवतात. कापड रंगवण्याआधी ती काढावी लागते. स्टार्चची असेल तर विकरं वापरून ती मोडतात, सुताला धक्का न लावता. ग्लेझही बहुतेक वेळा केसाच्या वरवर बसलेला थरच. काही आठवडे धुता धुता तो आपसूक उतरतो. घाई असेल तरच उपाय.

आधी खोबरेल तेल चोळून तासभर ठेवायचं. मग कोमट पाण्यानं (कडकडीत नव्हे) जास्तीचा थर काढणाऱ्या क्लॅरिफाइंग शाम्पूनं दोनदा धुवायचं आणि शेवटी टोकांना कंडिशनर. दोन-तीन दिवसांनी पुन्हा. शिकेकाई-रिठ्यानंही चालतं, रात्री भिजवून सकाळी उकळायचं आणि नीट गाळायचं. सोनार याच रिठ्याच्या पाण्यानं दागिने उजळतात. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा पांढरा साका केसांत बसतो, तसा रिठ्याचा बसत नाही. मात्र आपलं जुनं ते सगळं निर्दोष, असंही मी म्हणणार नाही. रिठा डोळ्यांत गेला की ब्रह्मांड आठवतं, आणि मुळात कोरडे केस त्यानं आणखी कोरडे होतात.

माझा राग पार्लरवाल्यांवर आहे. पैसे घेताना थर कसा चढवला ते कौतुकानं सांगतात, तो उतरवायचा कसा हे कुणी सांगत नाही. ते विचारूनच खुर्चीत बसावं.

पुण्याच्या वहिनींनी विचारलंय, मेंदी अशी निघेल का? नाही हो वहिनी. मेंदीचा रंग केसातल्या केराटिनलाच धरून बसतो. नवे केस वाढतील आणि रंगलेले कापले जातील, तेव्हाच तो जाईल. आणि बाजारातल्या 'काळ्या मेंदी'त पुष्कळदा मेंदीपेक्षा रासायनिक रंगच असतो, तेव्हा पाकीट आधी वाचा.