सायकलवाला फुटपाथवर होता म्हणून टेम्पोवाला सुटत नाही

गेल्या पावसाळ्यात रविवार पेठेत आमचा माल घेऊन आलेला टेम्पो मागे घेताना फुटपाथवर चढला. फुटपाथवरून सायकलने चाललेला एक शिलाई कारागीर धक्का लागून पडला, मनगट मोडले. ड्रायव्हर म्हणाला, "फुटपाथ काय सायकलसाठी आहे? कसूर त्याचाच." खरे सांगायचे तर आम्हीही मान डोलावली. पुढे वकिलांना विचारले तेव्हा कळले की आम्ही दोघेही चुकत होतो.

फुटपाथ पायी चालणाऱ्यांचा, हे खरेच. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये मोकळा फुटपाथ हा पादचाऱ्याचा घटनेच्या कलम २१ खालील हक्क मानला आहे. सायकलवाल्याने तेथे उतरून सायकल हाताने न्यावी. पण त्याची चूक म्हणजे ड्रायव्हरला माफी नव्हे. फुटपाथवर व सायकल मार्गावर मोटार चालवू नये, हे १९८९ च्या वाहतूक नियमांत होते आणि २०१७ च्या नव्या नियमांतही आहे. भारतीय न्याय संहितेचे कलम २८१ सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे वाहन हाकणे हा गुन्हा मानते. समोरचा पायी होता की सायकलवर, हे ते विचारत नाही. भरपाईच्या दाव्यात सायकलवाल्याचीही चूक दिसली तर न्यायाधिकरण त्या प्रमाणात रक्कम कमी करते, पण तेवढ्याने ड्रायव्हरचा वाटा माफ होत नाही.

अपघातानंतरचे कर्तव्यही स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे ड्रायव्हरने जखमीच्या उपचाराची व्यवस्था करावी, पोलिसांना लवकरात लवकर, उशिरात उशिरा २४ तासांत कळवावे आणि विमा कंपनीलाही खबर द्यावी. "लोक मारतील" या भीतीने पळालेला ड्रायव्हर जवळच्या पोलीस चौकीत गेला नाही, तर ती सबब फार काळ टिकत नाही.

टेम्पो आपल्या मालकीचा असेल तर भरपाईचा बोजा मालकावरही येतो. म्हणून थर्ड पार्टी विमा चालू आहे का, ड्रायव्हरचे लायसन खरे आहे का, हे पाहणे मालकाचे काम. लायसन नसेल तर जखमीला पैसे देऊनही विमा कंपनी ते आपल्याकडून वसूल करू शकते. विमाच नसेल तर सारे गल्ल्यातून जाते.

आता सायकलवाला फुटपाथवर का चढतो तेही पाहू. एके काळी पुणे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर बीआरटीबरोबर सायकल मार्ग झाले, २०१७ मध्ये महापालिकेने सायकल आराखडा मंजूर केला. तरी कित्येक ठिकाणी या मार्गांवर गाड्या उभ्या असतात. पेठांमध्ये तर रस्त्याची कड आमच्याच टेम्पोंनी आणि गठ्ठ्यांनी अडवलेली. भरधाव मोटारींमध्ये जाण्यापेक्षा गरीब माणूस फुटपाथ धरतो. आमचे कारागीर, हमाल, पोरे सायकलवरच येतात. ही परकी माणसे नव्हेत.

त्या कारागिराच्या प्लास्टरचा आणि बुडालेल्या मजुरीचा खर्च आम्ही दिला. आता टेम्पो मागे घेताना मागे एक माणूस उभा करतो, गठ्ठे फुटपाथवर ठेवत नाही. माल उतरवायला दहा मिनिटे जास्त लागतात. व्यापारी बंधूंनीही आपापल्या ड्रायव्हरला आजच बसवून हे चार शब्द सांगावेत, ही विनंती.