न दुखणारा आजार आणि शिबिरांचे पुण्य

नेत्रशिबिराचा मंडप पडला, फलक लागला, पाहुण्यांचे हारतुरे झाले आणि सायंकाळी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांचा आकडा जाहीर झाला, की अंधत्वनिवारणाचे कर्तव्य पार पडले असे मानण्याची सवय आपल्या सार्वजनिक जीवनाला जडली आहे. वर्धा जिल्हा त्याला अपवाद नाही. मोतीबिंदू काढल्यावर एखाद्या वृद्धेला पुन्हा तांदूळ निवडता येऊ लागतात, त्याचे मोल कोणीही कमी लेखू नये. परंतु त्याच रांगेतील दुसऱ्या एका माणसाचे काय होते? ‘मोतीबिंदू नाही, पडदा खराब आहे, मोठ्या दवाखान्यात दाखवा’ एवढे ऐकून तो रांगेबाहेर पडतो. शस्त्रक्रियेच्या आकड्यात तो नसतो. म्हणून कोणत्याच आकड्यात नसतो.

हा पडदा म्हणजे दृष्टिपटल. मोतीबिंदूत डोळ्याचे भिंग गढूळ होते. ते काढून कृत्रिम भिंग बसविले की, वर्षभर उशीर झाला तरी बहुधा दृष्टी परत येते. दृष्टिपटल मात्र बदलता येत नाही. मधुमेहामुळे त्यातील सूक्ष्म रक्तवाहिन्या झिरपू लागतात, काही बंद पडतात. मग नव्या पण ठिसूळ वाहिन्या वाढतात, त्यांतून डोळ्यात रक्त उतरते किंवा त्यांच्या ओढीने पडदाच सुटतो. या सर्वाला कित्येक वर्षे लागतात, आणि त्या काळात डोळा दुखत नाही, लाल होत नाही, बरेचदा दिसतही नीट असते. उपचाराची खरी वेळ तीच असते. नेमकी तेव्हाच रुग्णाजवळ तक्रार नसते.

‘रुग्ण उशिरा येतात, लोकांत अज्ञान फार’ हे वाक्य तज्ज्ञांच्या मेळाव्यांत इतक्या वेळा उच्चारले जाते की ते निदानच वाटू लागावे. वस्तुतः तो आरोप आहे, आणि तो चुकीच्या पत्त्यावर धाडलेला आहे. ज्या आजाराला लक्षण नाही, त्यासाठी आर्वीच्या शेतमजुराने कापूस वेचणीच्या दिवसांत मजुरी बुडवून, एस.टी.चे भाडे भरून, पन्नासहून अधिक किलोमीटरवरील दवाखाना का गाठावा? शिवाय बाहुली मोठी करणारे थेंब घातले की काही तास दिसणे धूसर होते, म्हणून सोबतीला आणखी एक माणूस हवा. दोन मजुऱ्या बुडतात. जिल्ह्यातील दोन्ही वैद्यकीय महाविद्यालये, सेवाग्रामचे १९६९ मध्ये उघडलेले आणि सावंगीचे, वर्धा शहराच्या आसपासच आहेत. आष्टी आणि कारंजा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला. या अंतराला अज्ञान म्हणणे हेच मोठे अज्ञान होय.

याचे उत्तर शोधण्यासाठी वर्ध्याने परदेशाकडे पाहण्याचे कारण नाही. १९५१ मध्ये येथेच गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशन स्थापन झाले. कुष्ठरोगाचा पहिला डागही दुखत नाही. तो बधिर असतो, म्हणून माणूस तो अंगावर बाळगत राहतो आणि बोटे झडू लागली की दवाखान्यात येतो. रुग्णाची वाट पाहत बसणारे वैद्यक या रोगापुढे हरणारच, हे त्या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी ओळखले. त्यांनी सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार अशी त्रिसूत्री घेतली, गावोगावी जाऊन माणसे तपासली, आणि पुढे देशाच्या कुष्ठरोग कार्यक्रमाने तीच वाट धरली. जो रोग दुखत नाही, त्याच्या रुग्णाकडे व्यवस्थेनेच चालत गेले पाहिजे, हा धडा या जिल्ह्याने देशाला दिला. डोळ्याच्या बाबतीत मात्र जिल्हाच तो विसरला.

यावर आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार पन्नाशीपुढील लोकांच्या अंधत्वात सुमारे दोन-तृतीयांश वाटा मोतीबिंदूचा आहे. मग आधी तोच का नको? पण त्याच काळातील पाहणीत पन्नाशीपुढील दर सहा मधुमेह्यांपैकी सुमारे एकाच्या दृष्टिपटलावर विकार आढळला. मोतीबिंदूचा रुग्ण उद्या बरा होऊ शकतो. याचा उद्या गेला की कायमचा गेला. ज्या वर्षी, १९७६ मध्ये, भारताने राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू केला, त्याच वर्षी अमेरिकेतील मोठ्या चाचणीने दाखविले की वेळेवर लेसर उपचार केल्यास तीव्र दृष्टिनाशाचा धोका निम्म्याहून कमी होतो. एक ज्ञान आणि एक कार्यक्रम एकाच वर्षी जन्मले, परंतु खेड्यात त्यांची गाठ पडली नाही.

दुसरा आक्षेप तज्ज्ञांच्या तुटवड्याचा. उपचाराला तज्ज्ञ लागतो, हे खरे. पण दृष्टिपटलाचे छायाचित्र प्रशिक्षित तंत्रज्ञ किंवा परिचारिका घेऊ शकते. ते पाहून कोणाला बोलवायचे हे तज्ज्ञाने दूर बसून ठरवावे. तीस वर्षांवरील लोकांची साखर आणि रक्तदाब तपासण्याचा कार्यक्रम आशा कार्यकर्त्यांच्या बळावर चालतोच. नाव नोंदवहीत आहे. त्या नावापुढे डोळ्याच्या पडद्याचा रकाना का नसावा? विदर्भात सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. त्यातही दृष्टिपटलाच्या वाहिन्या तुंबू शकतात. अपुऱ्या दिवसांच्या बालकाचा पडदा जन्मानंतर तीस दिवसांच्या आत तपासावा लागतो. त्याने तक्रार कोणाकडे करावी?

तिसरा आक्षेप खर्चाचा, आणि येथे मक्तेदारी भांडवलाचे खरे दर्शन घडते. पडद्याची सूज उतरविण्यासाठी डोळ्यात इंजेक्शने द्यावी लागतात, आणि तीही पुनःपुन्हा. बेव्हॅसिझुमॅब हे मूळ कर्करोगावरचे औषध. त्याची शंभर मिलिग्रॅमची कुपी असते आणि डोळ्याला एका वेळी लागते सव्वा मिलिग्रॅम. वृद्धांच्या पडद्याच्या झिजेवर हे स्वस्त औषध महागड्या रॅनिबिझुमॅबच्या तोडीचे ठरते, असे २०११ मध्ये अमेरिकेतील चाचणीने दाखविले. २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते डोळ्यासाठी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. तरीही महाग औषध खपावे म्हणून स्वस्त औषधाबद्दल कृत्रिम भेद निर्माण केला, असा ठपका ठेवून इटलीच्या स्पर्धा नियामकाने २०१४ मध्ये रोश आणि नोव्हार्टिस यांना मिळून अठरा कोटी युरोंहून अधिक दंड ठोठावला. २०१९ मध्ये तेथील वरिष्ठ प्रशासकीय न्यायालयाने तो कायम केला. एका कुपीतून अनेक रुग्णांचे डोस निर्जंतुक रीतीने भरणे जोखमीचे काम आहे, ते कोपऱ्यातल्या खोलीत होऊ नये. म्हणूनच ते सार्वजनिक रुग्णालयाच्या औषधशाळेत, कडक देखरेखीखाली झाले पाहिजे. सरकारने अंग काढून घेतले की उरतो बाजार, आणि बाजाराला गरिबाचा डोळा दिसत नाही.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. आठही तालुक्यांच्या ठिकाणी सरकारी रुग्णालयात दृष्टिपटलाचे छायाचित्र काढण्याची कायम सोय हवी. नोंदवहीतील प्रत्येक मधुमेह्याची वर्षातून एकदा तपासणी व्हावी. ज्याला पुढे पाठवायचे त्याला प्रवासभाडे आणि बुडालेली मजुरी मिळावी. लेसर व इंजेक्शन विनामूल्य असावे. आणि जिल्ह्याच्या अहवालात शस्त्रक्रिया किती झाल्या यासोबत पाठविलेल्यांपैकी किती जण उपचारापर्यंत पोचले, हा आकडाही छापला जावा.

कार्यकर्त्यांनी मंडपावर बहिष्कार घालण्याची गरज नाही. त्यांनी पुढच्या शिबिरात रांगेबाहेर काढलेल्या माणसांची यादी करावी आणि तीन महिन्यांनी ती जिल्हा रुग्णालयात नेऊन एकेका नावाचा जाब मागावा. शिबिराचे पुण्य एका दिवसाचे असते. हक्काची तपासणी दरवर्षी दारात येते, आणि पडदा वाचतो तो तिच्यामुळेच.