लहानशी चूक, मोठा शब्द

इंग्रजी उत्तम येणारी माणसेंही एके ठिकाणीं हटकून अडतात, आणि तें ठिकाण अगदीं क्षुल्लक असतें. चहांत साखरेऐवजीं मीठ पडलें, ही मौज पत्रांत कशी लिहावी? ‘आय कमिटेड अ फनी ब्लंडर’ असें पुष्कळजण लिहितात. व्याकरणांत वाक्य निर्दोष आहे. परंतु वाचणारा इंग्रज हंसण्याऐवजीं अंमळ दचकतो. ‘कमिट’ हें क्रियापद त्याच्या कानांत खून, चोरी असल्यांच्या संगतीनें राहतें; ‘ब्लंडर’ म्हणजे ढोबळ घोडचूक; आणि ‘फनी’चा दुसरा अर्थ ‘संशयास्पद’ असाही होतो! हल्लीं घरोघरीं कोणी ना कोणी परदेशी कचेरीशीं पत्रव्यवहार करीत असतो. हिशेबाच्या पत्रांत हें वाक्य गेलें, तर तेथील वरिष्ठ हंसणार नाहींत, वह्या मागवतील.

अडचणीचें मूळ आमच्या मतें मराठींतच आहे. आपल्याकडे चूक ‘होते’. इंग्रज ती ‘करतो’, ‘मेक अ मिस्टेक’. ‘माझ्याकडून गफलत झाली’ यांतील नम्रपणा जसाच्या तसा तिकडे नेतां येत नाहीं. जीभ मात्र दोहींकडे घसरते. तेथें ‘स्लिप ऑफ द टंग’ खुशाल लिहावें.

हंसूं आणणाऱ्या चुकांना इंग्रजींत खास नांवेंही आहेत. परीक्षेच्या उत्तरांतील विनोदी चूक ती ‘हाउलर’. शेरिडनच्या ‘द रायव्हल्स’ या १७७५ मधील नाटकांत मिसेस मॅलाप्रॉप नांवाच्या बाई ऐटीनें सारख्या ध्वनीचे भलतेच शब्द ठोकून देतात, म्हणून तसली चूक ‘मॅलाप्रॉपिझम’. ऑक्सफर्डच्या न्यू कॉलेजचे १९०३ ते १९२४ पर्यंत प्रमुख असलेले विल्यम स्पूनर यांच्या नांवावर ‘स्पूनरिझम’ जमा झाला, म्हणजे आद्याक्षरांची अदलाबदल; ‘पोळी-भाजी’ची ‘भोळी-पाजी’ व्हावी तशी. (त्यांचे म्हणून सांगितले जाणारे बहुतेक किस्से इतरांनींच रचलेले, हा भाग वेगळा.) हीं नांवें गोड आहेत, पण चहांतल्या मिठाला त्यांपैकीं एकही लागू नाहीं.

तेथें ‘सिली मिस्टेक’ पुरे. खरें म्हणजे तेंही नको. ‘आय पुट सॉल्ट इन द टी, अँड मामंजी ड्रँक इट विदाउट अ वर्ड’ एवढेंच सुनेनें लिहावें. वाचणारा आपण होऊन हंसेल. मामंजी म्हणजे कोण, हें तेवढें त्याला समजावून द्यावें लागेल.