जहाज एक, प्रवेश दोन

सास्तूरच्या एका भुसार व्यापारी कुटुंबाने भूमध्य समुद्रातील जलपर्यटनाचे आरक्षण करण्यापूर्वी कागदपत्रे माझ्यापुढे ठेवली. मार्ग इटली, मॉन्टेनेग्रो, ग्रीस आणि पुन्हा इटली असा. शेंगेन व्हिसा एकदा मिळाला की झाले, अशी त्यांची समजूत होती.

परंतु येथे देश नव्हे, प्रवेश मोजावे लागतात. इटली आणि ग्रीस शेंगेन क्षेत्रात आहेत, मॉन्टेनेग्रो नाही. (शेजारचा क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून आत आला.) कोटोर बंदर करून ग्रीसला उतरणे हा दुसरा प्रवेश ठरतो, म्हणून अर्ज बहुप्रवेशी व्हिसाचाच करावा. शिवाय मॉन्टेनेग्रोचा नियम वेगळा पाहावा. कागद अपुरे असल्यास जहाजावर घेतच नाहीत, आणि भरलेले पैसे सहसा बुडतात.

आपल्या घरांत पैसा फर्मच्या चालू खात्यात असतो, वैयक्तिक बचत खात्यात जेमतेम. अर्जाच्या तोंडावर तेथे एकरकमी भरणा केला की तपासणाऱ्याला शंका येते. कर्जाच्या अर्जांत आम्हीही हेच पाहत असू. त्याऐवजी भागीदारीपत्र, जीएसटी नोंदणी व आयकर विवरणपत्रे जोडून खर्च कोण करणार हे पत्रात स्पष्ट लिहावे.

किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय प्रवास विमा हवा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. शेंगेन क्षेत्र सोडल्यानंतर किमान तीन महिने पासपोर्ट वैध असावा लागतो. या कुटुंबातील आईंच्या पासपोर्टची मुदत परतीनंतर दोनच महिने उरत होती. आरक्षण थांबवून आधी त्याचे नूतनीकरण सुरू झाले आहे.